लग्न पन्हाळ्यावर, पाहुणे गावोगावचे : जाताना काय ध्यानात ठेवायचं?

कळंबेकर_मावशी

नमस्कार मंडळी,

गेल्या मार्गशीर्षात माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न पन्हाळ्यावरच्या एका रिसॉर्टवर झालं. पहिल्या दिवशी दुपारी देवक, संध्याकाळी हळद. दुसऱ्या दिवशी १२:३५ ची अक्षता, रात्री व्याही भोजन. तिसऱ्या दिवशी सकाळी जोतिबा आणि अंबाबाईचं दर्शन करून पांगापांग. खोल्या वाटायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं दोन दिवस वही घेऊन मी दारातच उभी होते. येत्या मोसमात आमच्या नात्यात अशी आणखी दोन लग्नं आहेत. रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "मावशी, काय काय न्यावं लागेल?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा इथं लिहिते. तुमचाही अनुभव घाला.

बॅगेत काय भरायचं ते नंतर. आधी किती जण येणार ते नक्की कळवा.

आपल्याकडं पत्रिका हातात पडली की "येतोय की!" म्हणायची रीत आहे. नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण होय म्हणून टाकतो. मंगल कार्यालयातल्या लग्नात त्यानं कुणाचं काही अडत नाही. पन्नास माणसं जास्त आली तर आचारी आणखी एक घाणा भात टाकतो आणि एक पंगत वाढते. रिसॉर्टवर तसं नसतं. तिथं प्रत्येक माणसामागं एक गादी, चार-पाच वेळची ताटं आणि खालनं वर आणणाऱ्या गाडीत एक जागा धरलेली असते, आणि त्याचे पैसे महिनाभर आधी भरलेले असतात.

आमच्या ३४ खोल्या होत्या. हळदीच्या रात्री साडेदहाला एक कुटुंब आलं. कळवले होते पाच जण, आले नऊ, त्यात सात-आठ महिन्यांचं बाळ. जास्तीच्या चौघांना खोली नव्हती. आणि त्याच वेळी सात खोल्यांना कुलूप होतं, कारण ज्यांच्या नावावर त्या होत्या ते फोनवर सांगत होते, "निघालोय, वाटेत आहे." किल्ली दुसऱ्याला द्यावी तर हे दारात येऊन उभे राहतील ही भीती. बाळाच्या आजीनं सोफ्यावर स्वतःची शाल अंथरली आणि त्याला तिथं निजवलं. गार वारा दारातनं सरळ आत येत होता. एक वाजता मी मनाचा हिय्या केला आणि दोन खोल्या उघडून दिल्या. ते "वाटेत" असलेले शेवटपर्यंत आलेच नाहीत. बहिणीनं त्या रात्रीचे सातही खोल्यांचे पैसे भरले. पैशापेक्षा त्या आजीचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून कळकळीनं सांगते. कळवताना एवढं सांगा : मोठे किती, लहान किती आणि कुठल्या वयाची, कोणत्या दिवशी किती वाजता पोचणार, कधी निघणार, शाकाहारी किती, जिना चढता न येणारं कुणी आहे का. बेत बदलला तर त्याच दिवशी फोन करा. सोबत भाचा किंवा शेजारी यायचा असेल तर आधी विचारा. पत्रिकेवरचं "सहकुटुंब सहपरिवार" छापायच्या रिवाजातनं आलेलं असतं, खोल्या त्या हिशेबानं घेतलेल्या नसतात.

कराडवरून_पुणे

मावशी, वाचून वाईट वाटलं, पण अगदी खरं आहे. आम्ही पुण्याहून चौघे एका लग्नाला पन्हाळ्यावर येतोय. गाडी आणावी का रेल्वेनं यावं? आणि वर जायला काय मिळतं?

टर्मिनससमोर

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. नकाशा साडेचार तास दाखवतो, त्यावर विसंबू नका. सातारा-कागल टप्प्यात रुंदीकरणामुळं जागोजागी वळणरस्ते लागलेत, कराडजवळ आणि पुढं गाड्या तुंबतात. लग्नसराईच्या शनिवारी सहा तास धरा. दुपारची अक्षता असेल तर त्याच दिवशी पहाटे निघून गाठायचा खटाटोप करू नका, आदल्या रात्री मुक्कामाला या.

मुंबईकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसलं की सकाळी कोल्हापुरात, आणि आंघोळ करून आवरायला पुरेसा वेळ. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण आठवड्यातनं तीनच दिवस, तेव्हा तुमचा वार जुळतो का बघा. आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून). पत्रिकेची वाट बघत बसू नका, तारीख कळली की दिवस मोजून त्या सकाळी तिकीट काढा. विमानतळ उजळाईवाडीला, शहराला लागूनच आहे. मात्र विमानांची वेळापत्रकं बदलत असतात, म्हणून तिकीट काढताना परतीची फेरी त्या दिवशी आहे का ते तपासा.

कोल्हापुरातनं पन्हाळा २० किलोमीटरच्या आसपास. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि मग घाट. एरवी पाऊण तास. एसटी आहे, पण भरजरी साड्या आणि बॅगा घेऊन तिच्या भरवशावर राहू नका, रात्री खाली यायला तर नाहीच. लग्नघरानं गाड्या ठेवल्या असतील तर तुमची रेल्वे किती वाजता पोचते ते आधी कळवा. स्टेशनात उतरून "आम्ही आलो" म्हणून फोन केला तर त्या माणसाची तारांबळ होते.

गाडीवान_करवीर

मी सतरा सीटर चालवतो, पन्हाळ्याच्या लग्नांची भाडी गेली दहा वर्षं करतोय. दोन गोष्टी सांगतो.

एक, रविवारी दुपारी वर जाऊ नका. जोतिबाला जाणारी माणसं, पन्हाळा फिरायला आलेली माणसं आणि लग्नाची वऱ्हाडं, सगळी केर्लीच्या रस्त्यावर एकत्र येतात. चैत्र पौर्णिमेला तर जोतिबाची यात्राच असते, त्याच्या मागंपुढं तारीख असेल तर पोलिसांनी रस्ता कुठनं वळवलाय ते आधी विचारा. पावसाळ्यातलं कार्य असेल तर पंचगंगेवर लक्ष ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी चढलं की केर्लीजवळ रस्त्यावर येतं. २०१९ आणि २०२१ ला तर पुणे-बेंगळुरू हायवेच शिरोलीजवळ बंद झाला होता.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. तुम्ही स्वतःची किंवा भाड्याची गाडी ड्रायव्हर घेऊन आणत असाल तर त्याच्या झोपायची आणि जेवणाची सोय लग्नघराला आधीच विचारून घ्या, नाहीतर खाली कोल्हापुरात खोली घेऊन द्या. मागच्या डिसेंबरात एका लग्नाला मी दोन रात्री गाडीत झोपलो. पन्हाळ्यावरचा वारा काय असतो ते तिथं झोपल्याशिवाय कळत नाही. जेवायला गेलो तर वाढपी म्हणाला, "तुमचं नाव यादीत नाही." पाहुण्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच माणसांना घेऊन मी घाट उतरलो, डोळ्यावर झोप होती. म्हणून सांगतोय. लहान पोरं घेऊन बसता ना गाडीत?

कळंबेकर_मावशी

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या वहीत ड्रायव्हरांचा रकाना नव्हता. या वेळी पहिल्याच पानावर घालते आणि जेवणाच्या यादीतही.

शाहूपुरीची_सून

कपड्यांचं लिहिते. लोक संगीतासाठी घागरे आणतात आणि स्वेटर घरी विसरतात. नोव्हेंबर ते जानेवारी पन्हाळ्यावर रात्री चांगलीच थंडी पडते, आणि हळद, संगीत सगळं उघड्या लॉनवर असतं. जाड शाल किंवा जॅकेट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. लॉनवर टोकदार टाचा मातीत रुततात, सपाट चप्पल घाला. हळदीला जुना सुती कपडा बरा.

कोल्हापुरी चपलेबद्दल एक सांगू का? बाहेरचे पाहुणे हमखास चप्पल लाईनला जाऊन चप्पल घेतात, घ्यावीच. २०१९ ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कारागिराच्या हातची खरी चप्पल इथं मिळते. पण अक्षतेच्या सकाळी घेऊन तीच घालून उभं राहू नका. कोरं कातडं कडक असतं, अंगठ्याजवळ आणि पट्ट्याखाली चावतं. माझ्या नणंदेच्या यजमानांच्या दोन्ही पायांना फोड आले, वरातीत ते एका दगडावर बसून होते. आदल्या भेटीत घ्या, आतून-बाहेरून खोबरेल तेल चोळा, चार-पाच दिवस घरात घालून फिरा. मग ती पायाला बसते. ओल्या गवतात घालू नका.

फेटे बांधणारा माणूस अक्षतेच्या दीड-दोन तास आधी येतो. शंभर डोकी आणि दोन हात, तेव्हा "मुहूर्ताला जाऊ की" म्हणून खोलीत बसून राहिलात तर बोडकंच उभं राहावं लागेल. लवकर जा. आणि सोनं मोजकंच आणा, रिसॉर्टच्या खोलीत ठेवून दिवसभर बाहेर फिरायचं म्हणजे जिवाला घोर.

वऱ्हाडातली_पाहुणी

मी नागपूरची, पूर्ण शाकाहारी. मागच्या वर्षी कोल्हापूरकडच्या लग्नाला आले होते. जेवणाबद्दल आमच्यासारख्यांना सांगावंसं वाटतं. रात्रीच्या जेवणात एका भांड्यात पांढरंशुभ्र, नारळाच्या दुधाचा वास येणारं काहीतरी होतं. मला वाटलं सोलकढीसारखं असेल. वाटी भरून घेतली, ओठाला लावणार तेवढ्यात शेजारच्या आजींनी हात धरला. "बाई, तो पांढरा रस्सा आहे, मटणाच्या पाण्यातला." माझे डोळेच भरून आले. त्यांनी स्वतः उठून मला शाकाहारी टेबलापाशी नेलं, वाढून दिलं आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. त्या आजींना मी विसरणार नाही. पण प्रत्येक वेळी अशा आजी शेजारी नसतात.

कळंबेकर_मावशी

ताई, अगदी महत्त्वाचं बोललात. आमच्यात देवक बसल्यापासून अक्षता पडेपर्यंत सामिष नसतं, म्हणून तोवर कुणी विचारतही नाही. व्याही भोजनाला तांबडा-पांढरा असतो. दोन्हीत मटणाचा अळणी रस्सा असतो. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस आणि खडा मसाला पडतो, त्यामुळं रंगावरून काही कळत नाही. शाकाहारी पाहुण्यांनी संकोच न करता विचारावं, आणि लहान मुलांना तांबडा देताना जपून. तिखट न सोसणाऱ्यांनी दही जवळ ठेवावं. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते मात्र आधी लिहून कळवा. आमच्या बऱ्याच भाज्यांत शेंगदाण्याचं कूट असतं.

दादर_ते_करवीर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुंबईहून आम्ही सहा जण. रेल्वे, कपडे, आहेर, दोघांच्या रजा, सगळं धरून तीस-पस्तीस हजारांच्या घरात जातं. चुलतभावाच्या मुलाचं लग्न आहे, जायला हवं. पण आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेत, रात्री दोनदा उठावं लागतं. ती म्हणते, "नाही गेलो तर आयुष्यभर बोलतील." काय करावं?

शाहूपुरीची_सून

सगळ्यांनी जायलाच हवं असं कुठं आहे? तुम्ही दोघं जा.

कळंबेकर_मावशी

दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी यजमानांच्या बाजूनं उभी राहिलेली बाई आहे, म्हणून त्याच बाजूनं सांगते. वेळेवर आलेला नकार आम्हाला कधीच लागला नाही. माझ्या मावसबहिणीनं दीड महिना आधी फोन केला, "अगं, यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे, येणं होणार नाही." बहिणीनं त्या खोलीत मुलीच्या मैत्रिणींची सोय केली. लग्नानंतर जोडपं स्वतः त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आलं. मनाला लागले ते न कळवता न आलेले.

नकार द्यायचा तर मेसेजवर देऊ नका, फोन करा, आणि तुमच्या तोंडून द्या. घरातल्या मोठ्यांसाठी तर नक्कीच.

आईंना न्यायचंच असेल तर तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का ते आधी विचारा. पन्हाळ्यावरच्या बऱ्याच जागा उतारावर आहेत, खोलीपासून मांडवापर्यंत पायऱ्या असतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, बॅग दुसऱ्या गाडीत जाते आणि बीपीची गोळी तिच्यातच राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गडावर ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर खाली कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, खोली देताना रिसॉर्टवाले मागतात. परदेशातनं येणाऱ्यांनी पासपोर्ट.

दादर_ते_करवीर

मावशी, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दोनदा वाचायला लावलं.

आंबा_घाटातून

आपण कोल्हापूरकर उलट्या बाजूलाही जातो, म्हणून माझे दोन शब्द. गेल्या वर्षी गणपतीपुळ्याला समुद्रावरच्या लग्नाला गेलो होतो. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली. रस्त्याचं काम चालू होतं आणि घाट वळणांचा, पोरांना उलट्या झाल्या. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. गोव्याला किंवा सिंधुदुर्गात जाणार असाल तर गगनबावडा, फोंडा की आंबोली, कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारा. गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट मध्यंतरी कामासाठी कितीतरी महिने बंद होता. किनाऱ्यावर दमट हवेत भरजरी शेरवानी अंगाला चिकटते, सुती काहीतरी हवंच. आणि वाळूत पोरांवर डोळा ठेवा, गणपतीपुळ्याचा समुद्र फसवा आहे. फोटोसाठी कुणीही पाण्यात उतरू नका.

कराडवरून_पुणे

आहेराचं काय करायचं? पत्रिकेत "आहेर आणू नये" लिहिलंय. तरी रिकाम्या हातानं जायचं मनाला येत नाही.

टर्मिनससमोर

लिहिलं असेल तर त्यांच्या शब्दाचा मान ठेवा. द्यायचंच असेल तर पाकीट, आणि ते गर्दीत नवऱ्या मुलाच्या हातात कोंबू नका, घरच्या ठरलेल्या माणसाकडं नाव लिहून द्या. भांडी, मिक्सर, फोटोफ्रेम गडावर आणू नका. तिसऱ्या दिवशी सगळं आवरून खाली न्यायचं असतं, आणि ते नेणारे लोक दोन रात्री झोपलेले नसतात. मोठी वस्तू द्यायची तर नंतर घरी जाऊन द्या, तेवढीच भेट होते.

गाडीवान_करवीर

दर्शनाचं पण लिहा कुणीतरी. लोक सिल्कची साडी नेसून जोतिबाला येतात. तिथं गुलाल उधळतात, तो डाग जात नाही. साधं सुती नेसा. अंबाबाईला मंगळवारी, शुक्रवारी आणि सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते, पहाटे जा. अंगभर कपडे घाला. देवळाजवळ मोठी गाडी लागत नाही, थोडं चालायची तयारी ठेवा.

कळंबेकर_मावशी

अक्षतेच्या दिवशी सकाळी दोन तास मोकळे मिळतात, तेव्हा खोलीत पडून राहू नका. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जा कोठी बघून या. सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज १६६० साली याच गडावरून निसटले. मुलांना त्या तटावर उभं करून सांगा, पुस्तकातलं एकदम खरं होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत आपला पन्हाळा आहे. तेव्हा फोटोसाठी रंगाचे धुरकांडे, चमचमत्या कागदाच्या नळ्या तिथं फोडू नका. आमच्या लग्नातल्या मुलांनी फोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी आणि बहिणीचे मिस्टर दगडांच्या फटीतनं चमकी वेचत होतो. सगळी निघाली नाही.

वर जाताना गडावरच्या नाक्यावर आमच्या गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा प्रवासी कराचे सुटे पैसे हाताशी ठेवा म्हणजे मागचे खोळंबत नाहीत.

दादर_ते_करवीर

मावशी, आज चुलतभावाला फोन केला. आईनंच बोलायचं म्हणून फोन हातात घेतला. म्हणाली, "मी येत नाही रे, गुडघे साथ देत नाहीत. पण पोरं येतील." तो पलीकडं गप्प झाला, मग म्हणाला, "काकी, वरातीनंतर आठवड्यानं कोल्हापूरच्या घरी पूजा-गोंधळ आहे, तळमजल्यावर, पायरी एकच. तुला न्यायला मी स्वतः स्टेशनवर येतो." आईनं लगेच होय म्हणून टाकलं, या वेळी खरंखुरं.

आमचं नक्की झालं : मोठे तीन, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. एक शाकाहारी. महालक्ष्मीनं सकाळी उतरतोय, दोन रात्री मुक्काम. ड्रायव्हर नाही. वहीत लिहून घ्या म्हणून त्यांच्याकडं कळवलंय.